बारा पेले

बाळाबाईनं वही डॉक्टरांच्या पुढ्यात सरकवली आणि पानावरून बोट फिरवलं. दिवसाला बारा रेघा, एका पेल्याला एक. दीड महिन्यात एकही चुकली नव्हती.

"पाण्यात कसूर न्हाय सायेब. तुमचं मशीनच चुकलं असंल."

डॉक्टर रिपोर्टवरून नजर काढेनात. "क्रिएटिनिन अडीचवर गेलंय, मावशी. किडन्या नीट काम करेनात. तिसरी केमो आज देता येणार नाही."

तिचा नवरा केरबा शेजारी मान खाली घालून बसला होता. जिभेच्या कॅन्सरनं त्याचं बोलणं नेलं होतं, आणि रेडिएशनचा शेक घेऊन घेऊन तोंड आतून सोलवटलं होतं. या औषधानं किडन्यांना धोका असतो, भरपूर पाणी पाजा, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हापासून बाळाबाई पेला घेऊन हात धुऊन त्याच्या मागं लागली होती. तो हात जोडायचा, रडायचा. तिनं ऐकलं नाही.

"अशा तोंडानं एवढं पाणी गिळलं कसं यांनी?" डॉक्टरांनी विचारलं.

बाळाबाईला बरं वाटलं. एवढ्या दिवसांत कुणीतरी तिच्या कष्टांची विचारपूस केली होती. "अवघडच की. पर दुखायची गोळी कुटून पाण्यात घालतो. सकाळ, दुपार, सांज. मग उतरतंय बघा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कुठली गोळी?"

तिनं पिशवीतून पाकीट काढून दिलं. त्यांच्या हुपरी गावात दिवसभर पाठ वाकवून चांदीचे पैंजण जोडणारी माणसं ही गोळी चहाबरोबर घेतात. केरबानंही तीस वर्षं घेतली होती. दुसरं काही औषध चालू आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं, तेव्हा ती सरळ 'न्हाय' म्हणाली होती. त्या गोळीला औषध कोण म्हणतं?

"मावशी, केमोबरोबर ही गोळी म्हणजे किडन्यांवर घावच." डॉक्टरांचा आवाज खाली आला. "आठ दिवस बघू. सावरल्या तर ठीक. नाहीतर हे औषध बंद करावं लागेल, आणि गाठीला आवरणारं एवढं जोरदार दुसरं नाही."

बाहेर बाकावर बाळाबाई बसली ती बसलीच. दगडाखाली कुटलेली ती पांढरी पूड तिला दिसत होती. तिनं ती बोटानं निपटून पाण्यात घातली होती, कणही वाया जाऊ दिला नव्हता.

केरबानं तिच्या पिशवीतला पेला काढला आणि नळावर जाऊन स्वतः भरून आणला.

"ऱ्हाऊ द्या हो," ती म्हणाली. "आता कशापायी?"

बिनगोळीचं पाणी तो डोळे मिटून, घोट घोट प्यायला. डोळ्यांतलं पाणी गालांवरून ओघळत होतं. पेल्याच्या तळाशी थोडं रक्त उतरलं होतं. मग त्यानं वही ओढली, आजच्या तारखेपुढं एक रेघ मारली आणि पुन्हा भरून दे म्हणून रिकामा पेला तिच्यापुढं धरला.

तिचा हात काही उठेना.