खिंडीपासूनची उंची

चारुताचा नवरा सिद्धेश वेल्समधल्या प्रोजेक्टवरून अमेरिकेत फ्रीमाँटला आला, तो तिथले डोंगर डोक्यात घेऊनच. चढायला नव्हे हो! स्वारी मेलबॉक्सपर्यंतसुद्धा गाडीने जाते. घरी बसून नकाशावर त्या डोंगरांची वर्गवारी करायची, हा त्याचा वीकएंड. आज जेवायला आलेल्या रेखाकाकू त्याच्या तावडीत सापडल्या.

"नुसती उंची काय चाटायचीय, काकू? शेजारच्या मोठ्या डोंगराला जोडणाऱ्या खिंडीपासून तीस मीटर तरी वर उठायला हवं. नाहीतर तो स्वतंत्र डोंगर नाहीच, त्या मोठ्याचा नुसता खांदा. कालच एकाला यादीतून डिलीट केलं."

"अरेरे, बिचारा!" म्हणत काकू पोळी वाढणाऱ्या चारुताकडे वळल्या. "तू काय करतेस गं?"

पुण्यात इंजिनिअर असताना धरणांच्या सर्व्हेसाठी सह्याद्री पालथा घातलेली चारुता तोंड उघडणार, तेवढ्यात सिद्धेशच म्हणाला, "ती माझ्या व्हिसावर डिपेंडंट आहे ना, काकू. जॉब अलाउड नाही. घरीच असते."

चारुताने त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

"पुण्यात मी डोंगर होते, काकू. इथे आल्यापासून ह्याचा खांदा."