बत्तीस बायांची मतं

बत्तीस बायांची मतं भागवतला द्यायची की नाही, हे रुखमाबाईच्या ओट्यावर ठरत होतं. सरपंचाची निवडणूक चार दिवसांवर आली होती. रुखमाबाई बचत गटाची अध्यक्ष. ती म्हणेल तिकडे गट, हा गावाचा रिवाजच झालेला.

"मानूस कामाचा हाय," ती म्हणाली. "सायबाच्या टेबलावर हात आपटून पूल मागते. दुसरा हाय कोन? उकंडराव? पंधरा वर्षं खुर्ची गरम केली, नाल्यावर एक दगड नाई ठेवला त्यानं!"

नाल्याचं नाव निघालं की बायांना पूनम आठवायची. रुखमाबाईची ही थोरली लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या आणि नाल्याला पूर. चौघांनी खाट उचलली. पुढे भागवत, छातीभर पाण्यात. पलीकडे संग्रामपूरच्या दवाखान्यात न्यायला गाडी उभी होती. पूनम नाल्यातच गेली. पोटातलं लेकरूही गेलं.

गटाची सचिव समता खाली बघत म्हणाली, "तुमच्यासमोर कसं बोलू, मावशी... पन तो पेते. बायकोवर हात उचलते. साऱ्या गल्लीले आयकू येते."

"माहीत हाय मले. दुभत्या गाईच्या लाथा खा लागतात, पोरी."

"पन लाथा खाते कोन, मावशी, अन् दूध पेते कोन?"

रुखमाबाई तडकलीच. "अजून किती पोरी खाटेवर न्यायच्या? तुह्या जावेचे, काजलचे, दिवस भरत आले ना? तिले कुठून नेशीन, सांग!"

हात वर झाले. बत्तीसच्या बत्तीस.

मतदानाच्या आदल्या दिवशी भरदुपारी भागवतची बायको राखी मागच्या दारानं आली. डोळ्याखाली काळंनिळं झालेलं.

"मी गटातल्या बायाईले सांगतो," ती म्हणाली. "हे तोंडच दाखवतो त्याईले."

रुखमाबाईनं तिला खाली बसवलं. तेल-हळद गरम करून लावली.

"दोन दिवस कळ काढ. निकाल लागू दे. मंग मी सोता बोलतो त्याच्याशी."

राखी पदर पुढे ओढून आली तशी गेली.

भागवत एकोणीस मतांनी निवडून आला. गुलाल उडाला, डफडं वाजलं. "पहिलं काम पूल!" तो चौकात ओरडला. बाया नाचल्या. रुखमाबाई मात्र पूनमच्या आठवणीनं ढसाढसा रडली आणि डोळे पुसत घरी आली.

चुलीपाशी राखी बसली होती. उजवा हात मनगटापासून लोंबत होता.

"बाप्पा! कधी झालं हे?"

"आज सकाळी. मतं पडली, जीत पक्की समजला तो तवा."

बाहेर डफडं जवळ येत होतं. रुखमाबाईनं घाईनं दार लोटलं.

"आजच्या दिवस घरी जा, बाई," ती कळवळून म्हणाली. "आज बोभाटा झाला तर सारं गेलं. पुलाचा कागद तेवढा होऊ दे. तुह्या पाया पडतो."

राखीनं चांगल्या हातानं तिचे हात बाजूला केले.

"ताई पूल नव्हता म्हनून मेली, आई. आता मी धाकटी पुलासाठी मरू काय?"