दाराकडची खुर्ची

सुताराने उठून दाराची कडी लावली, तेव्हा या खोलीला दुसरे दार नाही ही गोष्ट समुपदेशिका बाईंना प्रथमच जाणवली.

सव्वीस वर्षे त्या याच खोलीत बसत आल्या होत्या. शस्त्रक्रियागृहातून आलेली अशुभ वार्ता नातेवाइकांना सांगायची आणि नंतर त्यांच्याजवळ बसून राहायचे, एवढेच त्यांचे काम. गेल्या महिन्यात कर्मचाऱ्यांच्या रक्षणासाठी रुग्णालयाने एक परिपत्रक काढले होते. कर्मचाऱ्याची खुर्ची दाराकडे असावी आणि भेटीस आलेल्याची आत, म्हणजे प्रसंग ओढवलाच तर कर्मचाऱ्यास बाहेर पडता येईल. पहारेकऱ्याने स्वतः येऊन खुर्च्यांची अदलाबदल करून दिली. तो जिना उतरतो न उतरतो तोच बाईंनी त्या पुन्हा होत्या तशा ठेवल्या. ज्याच्यावर आभाळ कोसळायचे आहे त्याचीच वाट अडवून आपण बसावे, हे त्यांच्या मनाला पटेना. शोक अनावर झाला की माणसाला उठून जाता आले पाहिजे.

सुतार उठला होता, पण गेला नव्हता.

त्याचा धाकटा भाऊ तासाभरापूर्वी शस्त्रक्रिया चालू असतानाच गेला. हा कामावरून येऊन पोहोचेपर्यंत सारे आटोपले होते. डॉक्टरांचे तोंडदेखील त्याने पाहिले नव्हते. बाईंनी एकेक शब्द जपून उच्चारला, आणि त्याने तो खाली मान घालून ऐकला. आईला काय सांगू, असे त्याने दोनदा विचारले. मग तो उठला. रंगाचे थरावर थर बसून ती कडी कित्येक वर्षांत जागची हलली नव्हती. त्याने अंगठ्याने एक रेटा दिला, आणि ती निमूटपणे सरकली.

"कापलं कोणी त्याला?" तो म्हणाला. "त्याला इथं बोलवा."

डॉक्टर दुसऱ्या शस्त्रक्रियेत गुंतले आहेत, उद्या सकाळी अधीक्षकांच्या समोर भेट घडवून देते, असे बाईंनी समजावून पाहिले. उद्याशी माझ्या भावाला काय करायचंय, असे त्याने अगदी साध्या आवाजात विचारले. कामावरून तो तसाच उठून आला होता. लाकडाला खाचा पाडायची पटाशी त्याच्या मागच्या खिशात राहिली होती. बसताना ती टोचली असावी. त्याने ती काढून मेजावर ठेवली, आणि तिच्याशेजारी बाईंचा फोन सरकवला.

"लावा."

बाईंनी फोन हातात घेतला. पटाशीची धार नुकतीच लावलेली दिसत होती, आणि तिच्या टोकाशी भुशाचा एक पिवळा कण चिकटून राहिला होता. नजर काही केल्या त्या कणावरून हलेना. ज्याला हा बोलवा म्हणत होता तो पुरुष नव्हताच. ती तिशीतली एक सडपातळ मुलगी होती. रुग्ण दगावला की ती याच खोलीत येऊन रडे, डोळे पुसे आणि पुढच्या रुग्णाकडे जाई. तिला निरोप गेला असता, तर तिने कारणसुद्धा विचारले नसते.

नंबर सापडत नाही, असे बाई म्हणाल्या. तो म्हणाला, शोधा, मला घाई नाही.

त्याच वेळी दारावर टकटक झाली.

"ताई, आहात ना आत? चहा गार होतोय."

रडून बसलेला त्या मुलीचा आवाज बाईंनी ओळखला. सुताराचा हात पटाशीवर गेला.

"कोण ती?"

या खोलीत बाई आजच्या आधी कधी खोटे बोलल्या नव्हत्या. मरण सांगतानाही त्यांनी ते सौम्य केले असेल, पण झाकले नव्हते.

"आमच्या मावशी," त्या म्हणाल्या. "झाडायला आल्यात." मग दाराकडे तोंड करून, रोजच्या आवाजात जरा करडेपणा आणून त्या बोलल्या, "मावशी, ही खोली मागाहून झाडा. चहाही नको. जा तुम्ही आता."

ती मुलगी हसून 'ताई, अहो मी आहे' म्हणेल, या भीतीने बाईंनी श्वास रोखून धरला. कडी हलली नाही. बशीवर कप किणकिणला, तेवढाच.

"बरं बाई," असा लीन आवाज आला.

पावले निघाली. दिवसभर राबलेल्या बाईची असावीत तशीच, जड आणि सावकाश. एक, दोन, तीन. हळू जा ग बाळ, बाई मनातल्या मनात म्हणत राहिल्या, अशीच हळू जा. सुतारही ऐकत होता. त्याची बोटे पटाशीवरून किंचित सैल झाली. खोलीत बराच वेळ न मिळालेली हवा आल्यासारखे बाईंना वाटले.

पावले वळणापाशी पोहोचली. तिथे क्षणभर थांबली. आणि मग कप फुटल्याचा आवाज झाला, अन् जिन्यावरून कुणी तरी दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावत सुटले.

सुताराने मान वळवून बाईंकडे पाहिले.

"झाडणारी बाई," तो हळूच म्हणाला, "एवढी पळत कुठं गेली?"