चौथ्या मजल्यावरच्या वहिनी

"बादल्या ठेवा खाली आणि चला, वहिनी. आज घरात बसायचं नाही."

शिलाईवाल्या ताई जिन्यात वाट अडवून उभ्या होत्या. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींच्या दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या होत्या आणि छातीचा भाता झाला होता. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी नाही. पहाटे कधीतरी दिवे लागायचे, आणि लोक डोळे चोळून उठेपर्यंत जायचेही.

"पोरीच्या अंगात ताप आहे हो," वहिनी म्हणाल्या.

"म्हणूनच चला. माझी सासू याच जिन्यात पडली ना अंधारात? उचलेपर्यंत गेली. तुम्ही कसली वाट बघताय?"

ताईंच्या डोळ्यांत पाणीही नव्हतं. रडून झालं होतं, आता नुसता जाळ उरला होता.

"का घरी विचारायला हवं?"

"कुणाला विचारू? ते असतात कुठे घरी!"

ते खरंच होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर हे बिऱ्हाड इथं आलं, पण वहिनींच्या नवऱ्याला कुणी नीट पाहिलं नव्हतं. बिल्डिंग जागी व्हायच्या आत तो जायचा आणि झोपल्यावर यायचा. फिरतीची नोकरी आहे, एवढं त्यांनी सांगितलं होतं. जो तो आपल्याच घामात बुडालेला, खोदून कोण विचारतो?

तळमजल्यावरचे मास्तर खालूनच बोलले, "न येणाऱ्यांकडे लोक हल्ली वेगळ्या नजरेनं बघतात, एवढं लक्षात ठेवा." मागच्या गल्लीत विजेचे मीटर वाचणाऱ्याच्या घराच्या काचा फुटल्या होत्या. आत त्याची म्हातारी आई एकटी होती.

वहिनींनी बादल्या वर नेऊन ठेवल्या, शेजारच्या आजींना पोरीजवळ बसवलं आणि चपला घातल्या.

वीज कार्यालयावर मोर्चा निघाला तेव्हा ऊन मी म्हणत होतं. घोषणांना जोर नव्हता, लोकांचे घसे आधीच कोरडे पडले होते. "साहेब एसीत लोळत असेल," कुणीतरी म्हणालं. तेव्हा वहिनींच्या तोंडून निघून गेलं, "त्याच्या बायकोला बादल्या घेऊन जिने चढायला लावा एकदा, मग कळेल त्याला!"

आधी हशा, मग टाळ्या. तीच घोषणा झाली. लोकांनी वहिनींना ढकलत ढकलत पुढे आणलं. ताईंनी त्यांचा हात धरून वर केला. वहिनी ओरडत होत्या आणि ते ओरडणं खोटं नव्हतं. सगळा उन्हाळा त्यांच्या खांद्यांत साचला होता.

वीज कार्यालयाचं फाटक बंद होतं. आधीचा साहेब कधी बाहेर यायचाच नाही. हा नवा होता, आणि चक्क बाहेर आला. काटकुळा माणूस, सदरा घामानं पाठीला चिकटलेला, दाढी वाढलेली.

"वरूनच वीज कमी येते," तो म्हणाला. "कोणता भाग कधी बंद ठेवायचा, तेवढंच माझ्या हातात आहे."

"मग तुझ्या घरची बंद ठेव की!"

"ती बंदच आहे."

यावर लोक असे हसले की त्याला पुढचं बोलताच येईना. तो गर्दीवरून नजर फिरवत राहिला. फिरता फिरता ती नजर पहिल्या रांगेत थांबली आणि त्यानं तोंड मिटलं.

"बघा कसा गप्प बसला!" मास्तर गरजले. त्यांनी वहिनींच्या हातात दगड कोंबला. "पहिला मान तुमचा."

"मी नको."

"का? दया आली?" मास्तर हसत म्हणाले, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. आजूबाजूची तोंडं वळली. ताईसुद्धा बघू लागल्या.

वहिनींनी भिंतीवरच्या पाटीवर नेम धरला आणि दगड भिरकावला. नेमका त्याच वेळी साहेब पाटीच्या बाजूला सरकला. दगड त्याच्या भुवईवर बसला. मग दगडांचा पाऊसच पडला. तो गुडघ्यांवर आला, डोकं दोन्ही हातांत धरून.

पोलीस आले तशी गर्दी मागे हटली. "पहिला दगड कुणी मारला?" हवालदारानं साहेबाला विचारलं. रक्तानं मिटलेला डोळा पुसत त्यानं पहिल्या रांगेकडे पाहिलं.

"दिसलं नाही," तो म्हणाला.

"टरकला," मास्तर पुटपुटले.

दिवेलागणीला बायका चौथ्या मजल्यावर जमल्या. ताईंनी वहिनींसाठी ताट वाढून आणलं होतं.

"खाऊन घ्या दोन घास."

"जात नाही हो घशाखाली."

"पोलिसांना भिताय? तुमचं नाव कुणाच्या तोंडून निघणार नाही. माझी शपथ."

वहिनींचे कान जिन्याकडे होते.

इतक्यात भक्कन दिवे लागले. सगळ्या बिल्डिंगमधून आरोळी उठली. "बघितलंत? दगडाचीच भाषा कळते त्यांना!" ताईंनी वहिनींना कवटाळलं. आत पोरीच्या डोक्यावरचा पंखा फिरू लागला.

जिन्यात पावलं वाजली. कुणीतरी कठड्याला धरून, थांबत थांबत चढत होतं. दिव्याच्या उजेडात आधी कपाळाची पट्टी दिसली, मग चेहरा. बायका उठून उभ्या राहिल्या. हा इथवर आला? पत्ता कुणी दिला?

ताई झटकन पुढे झाल्या आणि दोन्ही हात पसरून वहिनींच्या दाराशी उभ्या राहिल्या.

"वहिनींच्या केसाला धक्का लावायचा नाही, सांगून ठेवते. दगड आम्ही सगळ्यांनी मारले!"

तो कठड्याला धरून तिथंच थांबला. ताईंच्या हाताखालून वाकून, तापानं लालबुंद झालेली पोर बाहेर पळाली आणि त्याच्या पायांना बिलगली.

"बाबा, आज लवकर आलात!"