जास्त कोणतं

"पुष्पीले पैसे समजले की मंग जाय तू. तोवर ठेल्यावरून हालाचं नाई," आई म्हणाली अन् फुटाण्याची परात उत्तमपुढं आदळली.

उत्तम पेटला. सातवीतून शाळा सोडली तेव्हापासून तो पांढुर्ण्याच्या स्टँडवर ह्या ठेल्यात कोंबला होता. आई संत्र्याच्या पेट्या भराले जाये, मंग बसणार कोण? येणारी-जाणारी हरेक गाडी त्याले तोंडपाठ होती, एकीतही तो बसला नव्हता. आज मनोहर डायवर संत्र्याचा ट्रक घेऊन दिल्लीले निंगणार होता. त्याले क्लिनर पाहिजे होता. अकराच्या आत हॉर्न देतो म्हणे, तयार राह्य, नाई तं तिगावचं पोट्टं घेतो.

आई घराकडं गेली. उत्तमनं लहान्या बहिणीले, दुसरीतल्या पुष्पीले, समोर बसवलं अन् दोन नाणे मांडले. दहा पैशाचं मोठं, नागमोडी काठाचं. चाराण्याचं चिमुकलं. जास्त कोणतं, सांग म्हणे.

पुष्पीनं मोठं उचललं. त्यानं टप्पल हाणली. तिनं रडत रडत पुन्हा मोठंच उचललं. मंग त्यानं माप घेतलं. पाच पैशाचं एक माप. मोठ्या नाण्यापुढं दोन मापं फुटाणे ओतले, लहान्यापुढं पाच. पुष्पी पाहतच राह्यली. नाक पुसलं, अन् लहानं नाणं मुठीत दाबून हासली.

मंग ती चुकलीच नाई. एका बाईनं आठाणे देऊन चाराण्याचे फुटाणे घेतले, तं पोट्टीनं कोणाले न विचारता चाराणे वापस केले.

उत्तमनं चप्पल घातली.

आई आली ते संत्र्याची रिकामी पेटी घेऊनच. पेटी पालथी घालून तिनं पुष्पीले वर बसवलं. आता हात परातीपर्यंत पुरला.

"मास्तरले सांगून आली," आई म्हणाली. "आजपासून पोरगी शाळेत येत नाई."

हे उत्तमच्या डोक्यातच आलं नव्हतं. रस्त्यावर हॉर्न वाजला.

आईनं खात्री कराले तेच दोन नाणे पुढं धरले अन् जास्त कोणतं विचारलं. उत्तम आईच्या मागं उभा होता. त्यानं पुष्पीले मोठ्या नाण्याकडं बोट दाखवलं. ती गोंधळली. त्यानं डोळे वटारले. तिनं मोठं उचललं.

"मठ्ठ हाय," उत्तम म्हणाला. "शिकवू दे मास्तरले."

आईनं कपाळाले हात लावला. हॉर्न पुन्हा वाजला, मंग दूर गेला. उत्तमनं पुष्पीले खाली उतरवलं अन् पेटीवर स्वतः बसला. तिकडं शाळेची घंटा झाली. पुष्पीनं दप्तर उचललं.

"दादा, मले जा लागते आता."