पाठ केलेली चाल

दहा वर्षांच्या त्या पोराला सगळे ‘छोटा वजीर’ म्हणायचे. असली नावं द्यायला पेपरवाल्यांचं काय जातं!

अंतिम फेरीत त्याच्यासमोर दोन वेण्यांची एक मुलगी होती. पुढच्याच चालीला तिच्यावर मात होती. शेंबड्या पोरालाही दिसली असती. त्याने घोड्याकडे हात नेला. पंचांची पाठ फिरली तेवढ्यात ती पटावर वाकली आणि हळूच म्हणाली, "मी हरले ना, की घरी गेल्यावर बाबा खूप मारतात रे."

छोट्या वजिराने घोड्याकडे नेलेला हात मागे घेतला आणि कोपऱ्यातलं भलतंच प्यादं सरकवलं. पुढच्या पाच-सहा चालींत त्याचा स्वतःचाच राजा आडवा झाला.

हॉलच्या बाहेर मुलीच्या बाबांनी तिला उचलून गरकन फिरवलं.

"बोललीस ना, मी पाठ करून घेतलं होतं तस्संच?"

"हो! लग्गेच फसला," ती खिदळली. "पण बाबा, त्याला ते खरं कसं वाटलं? हरलं म्हणून कुणाचे बाबा मारतात का कधी?"

"तोच तर त्याचा वेडेपणा, बेटा!"



शेजारी छोट्या वजिराचे बाबा मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवत होते. मागच्या वेळी त्याची काच तडकली होती.