तिचा हिरवा

रंगाऱ्यानं भिंतीवर शेजारी शेजारी दोन पट्टे मारले, एक गर्द हिरवा आणि एक सायीसारखा फिका. ओला रंग फसवतो, वाळल्यावरच काय ते ठरवा, असं काकांना बजावून तो पलीकडच्या खोलीत भेगा बुजवायला गेला.

काकांना ठरवायचं असं काही नव्हतंच. फिका रंग त्यांच्या आवडीचा, पण लावायचा होता हिरवा. त्या हिरव्यासाठी काकू वर्षानुवर्षं मागे लागल्या होत्या आणि काकांनी दर वेळी ते हसण्यावारी नेलं होतं. खोली हवी की विहीर, असं विचारायचे. पुढच्या वर्षी बघू म्हणायचे. ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. काकूंची नजर मात्र जात राहिली, आणि आता त्यांना गडद काय नि फिकं काय, एवढंच जेमतेम कळत होतं. काकांना स्वतःची लाज वाटत होती. निदान आता तरी तिच्या मनासारखं होऊ दे, म्हणून त्यांनी घाईघाईनं रंगारी बोलावला होता.

पट्टे वाळल्यावर त्यांनी काकूंना हात धरून भिंतीपाशी आणलं. हा बघ तुझा हिरवा, असं म्हणून गेले आणि जीभ चावली.

काकूंनी चेहरा अगदी भिंतीला लागेल इतका जवळ नेला. मान इकडे केली, तिकडे केली.

“तुमचाच लावा,” त्या म्हणाल्या.

काका हट्टालाच पेटले. जन्मभर भांडलीस आणि आता कसली माघार घेतेस, उगाच मन मोठं करू नकोस, म्हणाले. काकूंना हसू आलं.

“मन कसलं मोठं करतेय! अहो, हिरव्यात मला दार सापडायचं नाही. भिंत फिकी असली की दार तरी कळतं.”

काकांनी मान डोलावली. ती तिला दिसली नसणार हे लक्षात आलं, तेव्हा ‘बरं’ म्हणाले आणि रंगाऱ्याला हाक मारून फिका सांगितला.

काकू तिथून हलल्या नाहीत. त्यांनी चाचपून हिरव्या पट्ट्यावर तळहात टेकवला.

“चांगला दिसला असता का हो?”

काकांनी तो रंग आज पहिल्यांदाच नीट पाहिला. खिडकीतलं ऊन त्यावर आलं होतं. नसता दिसला, असं सांगून तिची समजूत घालावी असं त्यांना वाटलं, पण तोंडातून ते निघेना.

“फार सुंदर दिसला असता गं.”

काकूंनी हात तसाच राहू दिला.

“हे तेव्हा म्हणायचंत,” त्या म्हणाल्या.